कुटाचा डबा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला तर मुळीच नाही — आई त्याची होती. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझ्या घरचे नाही.

वेलचेरीतल्या आमच्या घरातून आइस्क्रीमचा रिकामा डबा कधी बाहेर गेला नाही. सासूबाई तो गरम पाण्याने धूत, बाल्कनीत उन्हात वाळवत आणि मग त्यात स्वतः भाजलेल्या नानकटाया भरत — तळाला कोरा कागद, झाकण घट्ट. मला वैताग यायचा. घर आहे की भंगारवाल्याचं दुकान? दाण्याच्या कुटालाही असाच एक डबा होता. आपल्याकडे कुटाशिवाय भाजी होते का? पण तो सासूबाई वेगळ्या फळीवर ठेवत आणि त्यात दुसरं काही भरू देत नसत. कारण समोरच्या तमिळ शेजारणीची, विद्याची मुलगी, अम्मू. तिला शेंगदाणा चालत नव्हता, कणभरही नाही. आणि सासूबाईंच्या नानकटाया म्हणजे तिचा जीव की प्राण. ‘पाट्टी, पाट्टी’ करत ती या आजीच्या गळ्यात पडायची. माझ्या कधी पडली नाही. तेही सांगून टाकते.

त्या सकाळी मला गिंडीला ऑफिस गाठायचं होतं. अम्मू शाळेला निघालेली, खाऊसाठी दारात उभी. सासूबाई अंघोळीला गेलेल्या, धुतलेले डबे अजून ओले. जरा थांबायचं — पण कोण थांबणार? मी कूट वाटीत ओतलं, डबा फडक्याने पुसला, नानकटाया भरल्या, तिच्या हातात दिल्या. मला माहीत नव्हतं का? होतं. पुसला की झालं, असं वाटलं — नाही, वाटून घेतलं.

शाळेतून तिला थेट हॉस्पिटलात नेलं. ओठ सुजलेले, श्वास अडकलेला. वाचली. झाकणाच्या खाचेत कूट सापडलं. विद्याने मला विचारलं, डबा कुणी भरला? मी म्हणाले — आईंनी.

घाबरून तोंडातून गेलं, म्हणाल. मग घरी आल्यावर काय? “अगं, मी कुठे भरला? मी अंघोळीला होते ना?” सासूबाई म्हणाल्या. आणि मी अगदी शांतपणे म्हणाले, “आई, हल्ली तुमच्या लक्षात राहत नाही.” थोड्याच दिवसांपूर्वी त्या गॅस बंद करायला विसरल्या होत्या. ते मी नेमकं तेव्हा काढलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या — आणि त्यांना ते पटलं. नवऱ्याने ओव्हन माळ्यावर टाकला. त्यानंतर साधं मीठ बरणीत भरतानाही त्या मला विचारायच्या, “हे भरू ना गं?” मागच्या वर्षी गेल्या, तोवर विचारत होत्या.

पण एक राहिलंच. अम्मू घरी आल्यावर त्या विद्याची माफी मागायला निघाल्या. तमिळ येत नव्हतं, म्हणून मला बरोबर घेतलं. दारात हात जोडून म्हणाल्या, “तिला सांग, माझ्या हातून चूक झाली. म्हातारीचं डोकं चालत नाही म्हणावं. पोरीला माझ्याकडे पाठवू नकोस, पण तिला माझ्याबद्दल वाईट सांगू नकोस म्हणावं.”

मी शब्दन् शब्द तमिळमध्ये सांगितला. कुठेही अडखळले नाही. विद्याने दार लावून घेतलं.

परत आत येताना सासूबाईंनी माझा हात धरला. “बरं झालं, तू होतीस,” म्हणाल्या.

मी ‘हो’ म्हणाले.