भाटाच्या वहीतली उघडी ओळ

आमच्या घराण्याची वही भाटाकडे असते. तीन-चार वर्षांनी तो डोंगरकडा गावाच्या बाजूने आमच्या गावात येतो, ओसरीत बसतो, लाल कापडातली वही सोडतो आणि दहा-बारा पिढ्यांची नावं वाचून दाखवतो. मधल्या काळात झालेल्या लेकरांची नावं लिहून घेतो. लेकरं म्हणजे मुलगे. वही उघडायच्या आधी सुनेने तिला हळदकुंकू लावायचं आणि शेवटी शिध्याचं सूप तिच्यापुढे ठेवायचं. सूप ठेवलं की नोंद पक्की झाली. लग्न होऊन आल्यापासून ते सूप मीच ठेवत आले. वहीत काय लिहिलंय ते एकदाही वाकून पाहिलं नाही.

मला एकच लेक आहे. ती नांदेडला नर्सिंग शिकते. गेल्या खेपेला भाटबुवा म्हणाले होते, "अजून एक खेप वाट बघू, मग ओळ बंद करू." ओळ बंद करायची म्हणजे माझ्या नवऱ्याच्या नावाखाली 'वंश खुंटला' असं लिहून रेघ मारायची. माझी लेक तेव्हा दारातच उभी होती. चांगली उंच, धडधाकट. ती ऐकून हसली. मी हसले नाही. सूप वहीपुढे ठेवलं.

कोरियाचं वेड मला तिनंच लावलं. तिनं जुना फोन मला दिला. शिजवलेली हळद अंगणात वाळत घातली की शेळ्या हाकलायला मी तिथंच बसते, तेव्हा फोन सुपाला टेकवून कोरियाच्या मालिकांतल्या, हिंदीत बोलणाऱ्या राजा-राण्या बघू लागले. आधी नुसते कपडे बघायची आणि राण्यांच्या डोक्यावरचे केसांचे भारे. मग वाटलं, यातलं खरं किती? मी चौथी शिकलेली, मला टाईप करायला वेळ लागतो. लेक म्हणाली, फोनला तोंडानं विचार. तसं विचारून विचारून मी तिथल्या राजघराण्यांचा इतिहास ऐकला.

सासूबाई म्हणायच्या, "त्या राण्या तुला जेवाया बोलावून राहिल्या का?"

बोलावत नव्हत्या, पण ओळखीच्या वाटत होत्या. तिथल्या बड्या घराण्यांच्याही वह्या होत्या. राणीसुद्धा त्यांच्यात बहुतेक करून अमक्या घराण्याची एवढीच. तिचं स्वतःचं नाव शोधून सापडत नाही. आमच्याकडे सोयरीक जुळवताना हाड, म्हणजे कूळ, पाहतात. तिकडच्या एका जुन्या राज्यातही माणसाची पायरी हाडावरून ठरायची. आई-बाप दोघेही राजघराण्यातले असतील तर ते पवित्र हाड, गादी त्यालाच. एकदा पवित्र हाडाचा पुरुषच उरला नाही. राजाला लेक होती. तिला गादीवर बसवलं. तिच्यानंतर तिच्या चुलत बहिणीला. रेघ मारली नाही.

हे ऐकलं त्या दिवशी एक शेळी हळदीत शिरली तरी मी उठले नाही.

यंदा भाटबुवा आले. मी हळदकुंकू लावलं आणि सूप घेऊन दाराशी उभी राहिले. भायांच्या दोन नातवांची नावं लिहून झाली. भाया म्हणजे माझे थोरले दीर. मग भाटबुवांनी विचारलं, "धाकट्या मालकाचं काय करू? बंद करू?"

"करा. वाट बघून काय होणार हाय?" भाया म्हणाले. माझे मालक खाली बघत होते.

"लेक हाय की. तिचं नाव लिहा," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की कुणाला ऐकू गेला नसेल असं वाटलं. पण सगळ्यांनी वळून बघितलं.

"बाई, लेक दुसऱ्याच्या वहीत जाते," भाटबुवा समजुतीनं म्हणाले.

"तिथंबी कोण लिहितं? मी तुमच्या वहीत आले ना? दाखवा माझं नाव कुठं हाय."

त्यांनी सवयीनं दोन पानं उलटली आणि हात थांबवला. मग मी त्यांना त्या राजाच्या लेकीचं सांगितलं.

रीत म्हणून भाया माझ्याशी थेट बोलत नाहीत. ते खांबाकडे बघून म्हणाले, "कोरिया कुठशीक आला? वारंगा फाट्याच्या अल्याड का पल्याड?"

सगळे हसले. माझे कान तापले. एरवी मी आत गेले असते.

"पल्याड हाय. लई पल्याड," मी म्हणाले. "पण तिथल्या घराण्यायच्या वह्या अशाच होत्या. आधी लेकी अन् लेकं जन्मतील तशी लिहायचे. मग लेकी मागं ढकलल्या अन् त्यायच्या जागी जावयाचं नाव लिहू लागले. आता पुन्हा लेकी लिहून राहिले. वही काही फाटली न्हाई."

"मग मी काय करू म्हणता?" भाटबुवांनी विचारलं.

"लिहा. न्हाई लिहिलं तर हे सूप वहीपुढं ठेवणार न्हाई."

आतून सासूबाई म्हणाल्या, "ठेव की गं, हात दुखतील."

"दुखू द्या, आत्याबाई."

खरंच दुखत होते. गहू, डाळ, गूळ, वर नारळ. भाटबुवांनी भायांकडे बघितलं, मग मालकांकडे. मालक मान वर न करता म्हणाले, "बंद करू नका." एवढंच. 'लिहा' म्हणाले असते तर मला जास्त आवडलं असतं.

भाटबुवांनी पेनाचं टोपण लावलं. "पुढल्या खेपेला बघू." भाया चपला घालून निघून गेले. मी सूप खाली न ठेवताच शिधा भाटबुवांच्या पिशवीत ओतला. उपाशी का पाठवायचं? पण सांगितलं, "हा तुमच्या जेवणाचा. वहीचा न्हाई."

दुपारी लेकीची उरलेली कोरी वही काढली. पानाच्या मधोमध तिचं नाव लिहिलं. वर माझं, माझ्या मायचं. अक्षर मोठं येतं, ओळीच्या बाहेर जातं. सासूबाई बराच वेळ बघत होत्या. मग जवळ येऊन बसल्या.

"माझंबी लिही. अन् माझ्या मायचं."

लिहिलं. त्यांच्या आजीचं विचारलं तर त्यांना आठवेना. सगळे तिला नुसतं मोठी बाई म्हणायचे. ती जागा मी मोकळी ठेवली आहे, रेघ मारलेली नाही.

भाटबुवा परत येतील तेव्हा आधी ही वही त्यांच्यापुढे ठेवीन. सूप तोवर माझ्या हातात असेल.