‘घाई नाही’ असं लिहिणारे आप्पा

माझा सगळ्यात चांगला क्लायंट गेल्या आठवड्यात गेला. त्याचं काम मी सगळ्यात शेवटी ठेवलं होतं.

तिसगावचे शांतवन आप्पा. कडबाकुट्टीची, म्हणजे गुरांचा चारा कापायची, मशीन दुरुस्त करायचे.

मी नगरला वेबसाईट बनवते, हे तुम्हाला माहीत आहे. माझी रडगाणीही माहीत आहेत. "निळा अजून थोडा निळा करा." "माझ्या भाच्याला आवडलं नाही." पहाटे अकरा व्हॉइस नोट, आणि प्रत्येकीत "अर्जंट".

आप्पांनी हा शब्द चार वर्षांत एकदाही वापरला नाही.

पहिल्यांदा भेटले तेव्हा मी त्यांना फिरते फोटो, ‘आमचं ध्येय’ वगैरे दाखवलं होतं. त्यांनी सगळं शांतपणे पाहिलं.

मग म्हणाले, "पोरी, माझं गिऱ्हाईक उनात उभं असतंय. मशीन अडकलेली, हात चाऱ्यानं भरलेले, गुरं वरडत्यात. त्याला एका अंगठ्यानं फोन लागला पायजे. बाकी तुझं तू बघ, त्यातलं मला कळत न्हाई."

कॉलेजात तीन वर्षं शिकून मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

मी एक मोठं बटण केलं. वर आप्पांचं नाव, खाली ‘फोन लावा’. झाली वेबसाईट.

नंतरचे बदल फक्त सोमवारी यायचे. एकच मेसेज, त्यात आठवड्याभराचं सगळं. रंग आवडला नाही, असं कधी नाही. "दोघांनी विचारले दुकान कुठे आहे. म्हणजे पत्ता दिसत नसावा. बघणे. घाई नाही."

मी केलं की स्वतः बटण दाबून बघायचे आणि उत्तर पाठवायचे, "पाहिलं. जमलं."

मध्यंतरी एका सोमवारी मेसेज आला.

"माझे नाव व नंबर काढून रूथचे नाव व नंबर टाकणे. घाई नाही."

रूथ म्हणजे त्यांची सून. मी "हो आप्पा" लिहिलं आणि ओरडणाऱ्या क्लायंटच्या कामाला लागले.

पुढच्या सोमवारी तोच मेसेज. त्याच्या पुढच्याही.

चौथ्या सोमवारी आला नाही. खरं सांगते, मला बरं वाटलं. म्हटलं, चला, एक डोकेदुखी कमी.

गुरुवारी रूथवहिनींचा फोन आला. आप्पा गेले. आजारी होते. बाहेर कुणालाच बोलले नव्हते, घरच्यांना तेवढं माहीत होतं.

आज तिसगावला जाऊन आले.

वहिनी वर्कशॉपमध्येच होत्या. समोर उघडलेलं मशीन, हात ग्रीसने काळे. बाकड्यावर आप्पांचा फोन. आम्ही बोलतोय तोवर तो वाजला. त्यांनी कोपरानं स्पीकर लावला.

"आप्पा हायेत का?"

"आप्पा वारले, दादा. काय झालंय मशीनला? मी येते."



"घरात कुनी गडीमानूस न्हाई का?"

"मीच करते दुरुस्ती. सात वर्षं झाली."

फोन कट.

"आज ह्यो तिसरा," वहिनी म्हणाल्या आणि परत पान्याला लागल्या.

काम करता करता म्हणाल्या, "आप्पांचं म्हननं हुतं, मी हाय तवर नाव बदलू. लोकं तुझा नंबर लावतील, कुरकूर करतील, मला इचारतील. मी सांगीन, तिलाच बोलवा, माझ्यापरीस चांगली पाती लावती. एकदा सवय लागली की मग माझी गरज न्हाई."

मी म्हटलं, "वहिनी, माझ्यामुळे राहिलं ते."

"तुमाला लई कामं असत्यात, ताई. मी म्हनलं हुतं, फोन करून सांगा की. तर म्हनले, पोरीला घाई करू नको."

तिथेच बाकड्यावर बसून मी नाव बदललं, नंबर बदलला. चार मिनिटं लागली.

ज्या चार मिनिटांनी आप्पांना आपल्या सुनेसाठी शब्द टाकता आला असता, ती माझ्याकडे तीन आठवडे नव्हती. कारण ते ओरडले नाहीत.

आता ओरडणाऱ्यांचं आधी करायचं नाही, असं ठरवलंय. किती टिकेल माहीत नाही. थकलेय मी.

निघताना आप्पांसारखं बटण दाबून पाहिलं. वहिनींच्या खिशातला फोन वाजला. मी समोर उभी असूनही त्यांनी हात पुसून उचलला.

"हां, बोला. मशीन कुठं अडकलंय?"

तिसगाव, पाथर्डीकडच्या मित्रांनो, कडबाकुट्टी बंद पडली तर तिथे फोन लावा. बाईचा आवाज येईल. ठेवू नका.

आप्पा, प्रभूजवळ निवांत विसावा घ्या.

तुमचा बदल केलाय. बघायला तुम्ही हवे होतात.