अरेथुसाच्या तळघरात

शहाडला फ्लॅट घेतला तेव्हा टॉवरचं नाव वाचून मी कपाळावर हात मारला. अरेथुसा. रिक्षावाल्याला सांगताना जीभ अडखळते. वास्तुशांतीला जावयांनी मोठ्या उत्साहाने अर्थ सांगितला. ग्रीक कथेतली ही जलपरी. नदीचा देव तिच्या मागे लागला, म्हणून ती झरा होऊन जमिनीत शिरली. "पण तो सोडतोय कुठे? तोही जमिनीखालून तिच्या मागे गेला." सगळे हसले. मी उठून खिडकीतून खाली पाहिलं.

कारण मागे उल्हास नदी, आणि पायाखाली विहीर, जिवंत झऱ्याची. आसपासच्या आगरी बायका तिथे आसरांना हिरव्या बांगड्या वाहायच्या. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवता. बाळंतिणीवर त्यांचा डोळा असतो म्हणतात. बिल्डरने डेब्रिज टाकून विहीर बुजवली आणि वर बेसमेंटमधल्या पार्किंगचा खांब उभा केला. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. आसरा मानत नाही. झरा मानते, आणि झरा असा बुजत नसतो.

गेल्या श्रावणात नदी चढली. लेक बाळंतपणाला आलेली, बाळ पंधरा दिवसांचं, जावई पुण्याला. सोसायटीतले पुरुष गेटवर वाळूच्या गोण्या रचत होते, सगळ्यांचे डोळे रस्त्याकडे. "गाडी वर घेऊन येते गं," म्हणत लेक निघाली. "अगं, बाळंतीण ना तू," म्हणेपर्यंत लिफ्टचं दार लागलंसुद्धा.

मग वीज गेली. तिचा फोन लागेना. बाळाला खांद्यावर टाकून मी जिने उतरले. गेटवरच्या गोण्यांपर्यंत पाणी पोचलंही नव्हतं. बेसमेंटमध्ये मात्र गुडघ्याच्या वर होतं, आणि त्या खांबाच्या बुडातून फरशी उचलून अजून येत होतं. लेक कुठे दिसेना. मी हाक मारायच्या आत बाळच रडलं. त्या आवाजावर ती अंधारातून आली, कमरेपर्यंत भिजलेली.

"आई, पाणी बघ ना, एकदम स्वच्छ आहे. पुराचं वाटतच नाही."

ओठ निळे पडले होते तिचे. मी दंडाला धरून तिला वर ओढलं.

सव्वा महिन्याने बाळंतिणीने विहीर पुजायची असते. फ्लॅटमधल्या बायका बाथरूमच्या नळालाच हळदकुंकू लावतात. माझाही तोच बेत होता. तो रद्द केला. पाणी उपसून झाल्यावर लेकीला घेऊन खाली गेले आणि खांबाशी खण, नारळ, हिरव्या बांगड्या ठेवल्या.

सेक्रेटरी बघत राहिले. "टीचर, तुम्हीपण?"

"हो, मीपण."

हात जोडले, पण मागायचं काय ते सुचेना. ही अरेथुसा बिचारी स्वतःच जीव घेऊन पळालेली. शेवटी पुटपुटले, "बाई, तुझ्यामागे कोण लागलंय ते आम्हाला ठाऊक आहे. तू सुखाने राहा. पण त्याच्या वाटेत माझी लेक येऊ देऊ नकोस."

बाहेर आठवडाभर कडक ऊन पडत होतं. खांबाभोवतीची फरशी ओलीच होती.