दक्षिणेच्या कठड्यावरची डिश

माझी डिश माझ्याच दारात पालथी पडली होती. वर कोणाच्या तरी घरची चहापत्ती सांडलेली. वायर कापलेली, बोल्ट उपटलेले. माझ्या डिश-दुरुस्तीच्या दुकानातून दुपारी जेवायला आलो तर अम्मी दार उघडून उभी. "टीव्ही अचानक बंद हो गया बेटा," म्हणाली.

पुसदच्या या इमारतीत फ्लॅट घेऊन मला तीनच महिने झाले होते. गच्ची मात्र कित्येक वर्षांच्या ओळखीची. इथली एकूण एक डिश मीच बसवलेली. भर उन्हात कठड्यावर वाकून ओरडायचो, "आला का?" खिडकीतून वहिनी ओरडायच्या, "आला! गेला! थांबा थांबा, आला!" तेव्हा कोणाचं काही बाटत नव्हतं. सेक्रेटरी स्वतः गच्चीची किल्ली आणून द्यायचे. पाणी मात्र वापरून फेकायच्या ग्लासात मिळायचं. मी ते मुकाट्यानं प्यायलो, त्याची आज लाज वाटते.

डिश उचलून तसाच सेक्रेटरींच्या दारात गेलो.

"नियम आहे भाई. परवानगीशिवाय डिश लावता येत नाही."

"बाकीच्यायनं कुठं घेतली? मीच तर लावून देल्या."

"त्यायची गोष्ट वेगळी आहे. तुमच्यात पाहुणे लय. वर पाण्याची टाकी आहे, बाया पापड-कुरड्या वाळू घालतात. मिस्तरी म्हणून वर जात होते तुमी, ते ठीक होतं."

मिस्तरी म्हणून ठीक. राहणारा म्हणून नाही.

खाली येऊन नोटीस बोर्डावरचा कागद वाचला आणि डोकं सणकलं. डिश दक्षिणेच्या कठड्यालाच लावावी, टाकीपासून लांब, वायर पाइपाच्या बाजूनं न्यावी. अरे, हे मीच सांगितलेलं! मागं सेक्रेटरींनीच मला गच्चीवर नेऊन विचारलं होतं. मी बोलत गेलो, ते लिहीत गेले. माझी डिशही अगदी तशीच बसवली होती. छापलेल्या कागदाखाली शेवटची ओळ तेवढी पेनानं लिहिलेली होती, परवानगीची. ताजी शाई. ती ओळ माझ्यासाठी होती.

तरी मी काय केलं? परत वर गेलो आणि हात जोडले. "साहेब, अम्मीचे गुडघे गेले. दिवसभर एकटी असते. सांभाळून घ्या."

"मीटिंगमध्ये पाहू," म्हणाले आणि दार लावलं. त्यांच्यापेक्षा मला माझाच राग जास्त आला.

मीटिंग काही झाली नाही. वादळ झालं. गच्चीवरच्या निम्म्या डिश फिरल्या. दुसऱ्या दिवशी क्रिकेटची मॅच. सेक्रेटरी किल्ली घेऊन थेट दुकानात.

"चाला ना भाऊ, लवकर. लोकं वाट पाहून राह्यले."

मी पाना खाली ठेवला. "कायले येऊ? आधी परवानग्या दाखवा. सगळ्यायच्या. लेखी."

"असं काहून करता राजा? शेजारीच आहो न आपण."

"माझी वायर कापली तवा नव्हतो का?"

गिऱ्हाइकांसमोर त्यांचं तोंड उतरलं. मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

त्याच दिवशी सोसायटीला लेखी अर्ज दिला. शेवटची ओळ कोणत्या मीटिंगमध्ये ठरली, कोणी ठरवली, सह्या दाखवा. पोच घेतली. उत्तर आलेलं नाही, येणारही नाही. येत्या रविवारी सकाळी मी माझी डिश परत लावणार आहे. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. गच्ची उघडली नाही तर कुलूप तोडीन आणि तोडलं म्हणून पोलिसांना स्वतःच जाऊन सांगीन. पुन्हा कापली तर पुन्हा लावीन. मिस्तरी म्हणून नाही. ही गच्ची माझीही आहे म्हणून.