मालनबाईंची नऊ गाणी

मालनबाई गेल्या तेव्हा धोंडिरामला कोणीतरी चार शब्द बोलायला सांगितलं. त्याने हात जोडून मान हलवली. बोलणार काय? बाईंचं गाव कुठलं, घरी कोण कोण, हेही त्याला धड ठाऊक नव्हतं. तीन वर्षं आठवड्यातून दोनदा एका टेबलाला बसूनही त्याला माहीत होत्या त्या बाईंच्या आईच्या चाळीस गाण्यांच्या वह्या, आणि शेवटच्या शुक्रवारची दुपार.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका जुन्या गाळ्यात, कॉलेजात शिकवणाऱ्या रेवतीचं संशोधन चालायचं. भीमजयंतीच्या जलशांतली गाणी जमवून ती संगणकावर चढवायची. धोंडिराम छापखान्यातला निवृत्त मुद्रितशोधक. टाइप झालेलं वहीशी ताडून बघायचं काम त्याच्याकडे. मालनबाई मालाडला राहणाऱ्या, पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांची आई शकू ही भिकाजी नावाच्या शाहिरांच्या जलसा मंडळात होती. गाणं कोणीही रचो, शेवटच्या कडव्यात नाव भिकाजींचंच घालायचं, अशी मंडळाची रीत. त्यामुळे दोनशे गाण्यांवर एकच नाव. त्यातली चाळीस आईची, हे सांगणाऱ्या बाई एकट्याच उरल्या होत्या.

"संगणकाला विचारू," रेवती म्हणाली. "गं, की, तर, मग, असल्या शब्दांकडे आपलं लक्ष नसतं. तो तेच मोजतो. ते वापरायची प्रत्येकाची खोड वेगळी असते."

"म्हणजे आता आईला परीक्षेला बसवायचं," बाई हसल्या. पण त्या दिवसापासून त्यांचा चहा कपातच गार व्हायला लागला.

शुक्रवारी निकाल आला. रेवती खुशीत होती. "मालनताई, तुमचं बरोबर होतं. एकतीस गाणी भिकाजींची नाहीत, ती एका वेगळ्याच हाताची. फक्त नऊ गाण्यांत गडबड आहे. थोडी तुमच्या आईसारखी, थोडी तिसऱ्याच कोणाची. कोण असेल, आठवून बघा ना." तिला कॉलेजात तास होता, किल्ली टेबलावर ठेवून ती गेली.

बाईंनी पदराने चष्मा पुसला. परत पुसला.

"तिसरी मी आहे, भाऊ."

धोंडिरामने हातातली पेन्सिल वहीवर ठेवली.

"आई गेल्यावर गाणी वहीत मीच उतरवली, तेव्हा नऊ गाण्यांची काही कडवी कोणालाच आठवेनात. मी घातली. मंडळात तसंच चालायचं. विसरलं तर गाणाऱ्यानं तिथल्या तिथं जोडायचं, पण लोकांपुढे गाणं तुटू द्यायचं नाही. त्याला कोणी खोटं म्हणत नव्हतं."

"मग तसंच सांगा ना रेवतीला."

"सांगितलं तर म्हणतील, नऊ हिनं केली, बाकीचीही हिनंच केली असतील. आईचं नाव आत्ता कुठं लागतंय. आणि गप्प बसले तर माझ्या ओळी तिच्या म्हणून राहतील. तिच्याइतक्या चांगल्या नाहीत हो त्या."

जन्मभर धोंडिरामने लोकांच्या चुकांना खुणा केल्या होत्या. ही चूक होती की नाही, हेच त्याला ठरवता येईना. "त्याला कळलंच आहे तसं," तो संगणकाकडे बघत पुटपुटला, आणि लगेच वाटलं, हे बोलायला नको होतं.

बाईंनी त्याची पेन्सिल उचलली. एकेक गाणं काढून आपल्या ओळींपुढे समासात रेघ ओढत गेल्या. एका कडव्यापाशी हात थांबला.

"हे आईचं की माझं, आता मलाच आठवत नाही."

तिथे त्यांनी प्रश्नचिन्ह केलं आणि वही त्याच्यापुढे सरकवली. "सोमवारी देऊ. तुम्ही बरोबर थांबा, मला एकटीला जमायचं नाही."

सोमवारी वही त्याने एकट्यानेच दिली. रविवारी पहाटे बाई झोपेतच गेल्या होत्या. रेवतीने एकतीस गाण्यांवर शकूचं नाव घातलं, नऊंवर दोघींचं. प्रश्नचिन्ह तसंच ठेवलं. कोणी शंका काढून नाव खोडेल का, या धास्तीने धोंडिराम अजून दर सोमवारी तिला संगणकावर ते पान उघडून दाखवायला लावतो. शकूचं नाव जागेवर असतं.

त्या शुक्रवारी गाळ्याला कुलूप त्यानेच लावलं होतं. बाई जिन्यापर्यंत पोचल्या होत्या.

"रिक्षा मिळेल का, बाई?"

"मिळेल हो. तुम्ही पंखा बंद केलात ना?"

"केला."