बिनतक्रारीचा चार्ट

चाळिशी उलटल्यावर माणूस गुडघ्यांची काळजी करतो, फार तर सकाळी फिरायला जायचं मनावर घेतो. या ड्यूटी क्लार्कने कॉलेजात नाव घातलं. तेही कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीला, अगदी पहिल्या वर्षापासून. लोकांनी वेड्यात काढलं, आणि खरं सांगायचं तर त्यात लोकांची काही चूक नव्हती.

मोठ्या इस्पितळातल्या नर्सेसचा महिन्याचा ड्यूटी चार्ट करायचा, हे त्यांचं काम. सकाळी कोण, संध्याकाळी कोण, रात्री कोण, सुट्टी कोणाची कधी. ऐकायला सोपं वाटतं. एकदा करून बघा म्हणजे कळेल. एकीचे वडील दर मंगळवारी डायलिसिसला. एकीला दिवसा झोप येत नाही, म्हणून रात्रपाळी नको. दोघींमधून विस्तव जात नाही, म्हणून त्यांना एका वॉर्डात घालायचं नाही. रात्रपाळी करून गेलेलीला लगेच सकाळी बोलवायचं नाही, हा नियमच. आणि संध्याकाळची पाळी तर कोणालाच नको. दुपारी दोनला आत शिरायचं आणि नऊनंतर बाहेर पडायचं, मग घरच्यांची तोंडं बघायची कधी? एकीचं जमवलं की दुसरीचं उसवायचं. चार्ट लागला की त्यांच्या टेबलापुढे तक्रारी सुरू, आणि सगळं खापर त्यांच्या डोक्यावर.

एकदा मेट्रनबाई, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या प्रमुख, सहज बोलून गेल्या, "हे काम कॉम्प्युटर चुटकीसरशी करेल."

ते क्लार्कसाहेबांना झोंबलं. "करेल ना. मीच करून घेईन त्याच्याकडून. एकाही सिस्टरची तक्रार नाही, असा चार्ट लावून दाखवतो." हे ते सगळ्यांसमोर बोलले. बोलून बसले म्हणा ना. मेट्रनबाईंनी ते पक्कं लक्षात ठेवलं.

त्यांची बायकोही त्याच इस्पितळात नर्स. त्यांनी घरी बेत सांगितला तेव्हा ती इस्त्री करत होती.

"अहो, एका चार्टसाठी चार वर्षं शिकायचं?"

"महिन्याभराचे क्लासही असतात गं. पण मला मुळापासून शिकायचंय."

"शिका मग," ती म्हणाली आणि पुढचा शर्ट घेतला. ती पहिल्यापासून अशीच, मोजकं बोलणारी. मुलगी तेव्हा दुसऱ्या शहरात शिकत होती. तिने फोनवर ऐकलं आणि हसू आवरून म्हणाली, "बाबा, रॅगिंग झालं तर आधी मला सांगा."

तर सकाळी इस्पितळ, दुपारनंतर कॉलेज, असं सुरू झालं. वर्गातल्या पोरांनी लवकरच त्यांचं नाव ‘चार्टकाका’ ठेवलं. काकांना वाटलं होतं, दोन-तीन महिन्यांत कॉम्प्युटरची चार कळीची बटणं हाती लागतील आणि आपलं काम फत्ते. कसलं काय! पहिल्या वर्षी त्यांना एवढंच कळलं की मशीनला काहीच कळत नाही. सांगाल तेवढंच करतं, सांगाल तस्संच करतं, आणि जे सांगायचं राहिलं ते राहिलंच. शिवाय गणित. ते गणित बघून काकांची पाचावर धारण बसली. पण बेट्याने सोडलं नाही. एका विषयात दोनदा आपटले, तिसऱ्यांदा सुटले.

दुसऱ्या वर्षी एकच काम चार रीतींनी कसं करतात आणि त्यातली कुठली कधी निवडायची, हे शिकवलं. इथे काका जरा खुलले. निवड करणं म्हणजे काय, हे त्यांना पोरांपेक्षा बरं ठाऊक होतं. आणि तिसऱ्या वर्षी एका दुपारी मॅडमनी फळ्यावर अशा प्रश्नांची जात मांडली, ज्यांचं सगळ्यात चांगलं उत्तर झटपट काढायची रीत आजवर जगात कोणालाच सापडलेली नाही. उदाहरण म्हणून त्यांनी कामाच्या पाळ्या लावायचा प्रश्न घेतला.

काका पेन खाली ठेवून बघतच राहिले. इतकी वर्षं दर महिन्याअखेर ते स्वतःला मठ्ठ समजत आले होते. घरी जाताना त्यांना इतकं हलकं वाटलं की ते दोन स्टॉप आधीच उतरून चालत गेले.

पण माणसाची गंमत बघा. परीक्षेत त्यांनी हे सगळं सुरेख लिहिलं, मार्कही घसघशीत मिळाले, आणि शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला विषय कुठला निवडला? बिनतक्रारीचा चार्ट. मेट्रनबाईंसमोर बोललेला शब्द होता ना. त्या शब्दापुढे फळ्यावरचं सगळं फिकं पडलं. प्रोजेक्टला जोडीदार मिळाला तो सगळी पोरं ज्याला ‘उद्या’ म्हणायची तो, कारण काही विचारलं की तो ‘उद्या करतो’ म्हणायचा. त्याने पडद्यावरची दिसण्याची बाजू घेतली. चार्ट बसवायचं डोकं काकांनी लढवलं. प्रत्येक नर्सची एक ओळ, त्या ओळीत तिला काय चालतं, काय चालत नाही, का चालत नाही. ही माहिती त्यांना तोंडपाठ होती. पुढच्या महिन्यापासून हाच चार्ट लावायचा, असं मेट्रनबाईंनी जाहीरही करून टाकलं.

आणि एका दुपारी प्रोग्रामने उत्तर दिलं. सगळे नियम पाळलेले, सगळ्यांच्या इच्छा पुऱ्या, तक्रारी शून्य.

उद्या खुर्चीवरून उठून नाचला. काकांचे डोळे भरून आले, आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. दोघं तडक मॅडमच्या खोलीत गेले. या मॅडम म्हणजे तिसऱ्या वर्षी शिकवणाऱ्याच, वयाने काकांच्या धाकट्या बहिणीएवढ्या. काका त्यांना मॅडम म्हणत आणि त्या काकांना काका. कोणाला त्यात वावगं वाटत नसे.

मॅडमनी चार्ट वरपासून खालपर्यंत वाचला. शाबासकी काही दिली नाही.

"काका, एवढा अवघड प्रश्न इतका सहज सुटला की मी आधी बघते आपण काय गाळलंय."

"काही गाळलेलं नाही मॅडम. एकेकीची इच्छा घातलीय."

"मग एक करा. महिन्याभरात प्रत्येकीला संध्याकाळच्या पाळ्या किती आल्यात, तेवढं काढा."

उद्याने ते मात्र तिथल्या तिथे काढलं. कोणाला चार, कोणाला तीन, एकीला एकही नाही, जिने जेवढ्या चालतील म्हटलं तेवढ्याच. आणि एका ओळीत, साप्ताहिक सुट्ट्या सोडल्या तर, झाडून सगळ्या संध्याकाळी.

"या सिस्टरांची इच्छा काय लिहिलीय?" मॅडमनी विचारलं.

"तिथे काही नाही. रकाना रिकामा आहे," उद्या म्हणाला.

"रिकामा म्हणजे काय? यांना काहीही चालतं, की यांना कोणी विचारलंच नाही? मशीनला दोन्ही सारखंच दिसतं. तुम्ही रिकामं सोडलंत, त्याने ‘काहीही चालेल’ असं धरलं. जे कोणाला नको होतं ते सगळं यांच्या ओळीत नेऊन घातलं आणि तुम्हाला शून्य तक्रारी दाखवल्या. कोण आहेत या?"

काकांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "माझी बायको."

उद्याने मान खाली घातली.

आता यात लपवण्यासारखं काही नव्हतं, पण सांगायला हवं. अठरा वर्षांपूर्वी चार्टचं काम हाती आलं, तेव्हा पहिल्याच महिन्यात कोणीतरी टोमणा मारला होता, "बरंय बाई, नवराच चार्ट करतो." काकांनी तो जिव्हारी लावून घेतला. तेव्हापासून बायकोचं नाव सगळ्यात शेवटी घालायचं, जी जागा उरेल तिथे, हा त्यांचा शिरस्ता. उरायची ती संध्याकाळच. याला ते आपली सचोटी समजत होते, मनात थोडा अभिमानही बाळगून होते. प्रोग्रामने नवं पाप काही केलं नव्हतं. काका हाताने जे करत होते, तेच त्याने बिनचूक केलं. आणि याच कॉलेजात ते शिकले होते, की मशीनमध्ये कामांची रांग लागते तेव्हा जे काम कायम मागे ढकललं जातं त्याची ‘उपासमार’ होते असं म्हणतात, म्हणून थांबलेल्याचा नंबर हळूहळू वर घ्यायचा असतो. त्या प्रश्नाला काकांना पैकीच्या पैकी मार्क होते.

दुसऱ्या दिवशी बायकोची सुट्टी होती. ती पलंगावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. काका समोर खुर्ची ओढून बसले.

"तुला कुठली पाळी हवी?"

"कोण रजेवर चाललंय?" तिने मान वर न करता विचारलं. "करीन मी."

"कोणी नाही चाललं. तुला काय हवंय, ते विचारतोय."

तेव्हा तिने वर बघितलं. हातातला टॉवेल तसाच राहिला. "आता?"

काकांनी नुसती मान हलवली.

"पोरगी शाळेतून साडेपाचला यायची," ती म्हणाली. आवाज चढला नाही, नेहमीसारखाच होता. "गळ्यातली किल्ली काढून कुलूप उघडायची आणि एकटी बसायची. तेव्हा मला संध्याकाळी घरी असायचं होतं. तेव्हा विचारायचं होतंत."

"तू कधी बोलली नाहीस."

"दिवसभर बाकीच्या जणी तुमचं डोकं खायच्या. तुम्ही चेहरा पाडून घरी यायचात. त्यात मी आणखी काय बोलणार होते?"

काका खाली बघत म्हणाले, "माझं चुकलं."

"चुकलं," ती म्हणाली. तिने टॉवेलची घडी घातली, उशीवर ठेवली, पुढचा कपडा घेतला. नंतर म्हणाली, "लिहा. संध्याकाळ नको."

"कारण?"

"कारणाचा रकाना आहे?"

"आहे."

"तो ठेवा रिकामा."

काकांनी तिची इच्छा घातली आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. असा चार्ट होत नाही, असं उत्तर आलं. किती प्रकारांनी चालवून बघितला, तरी तेच. मग सगळ्यांना सगळं मिळणारच नाही हे धरून, कमीत कमी जणींचं मन मोडेल असा चार्ट त्यांनी काढला. ज्यांचं मन मोडलं, त्यांचा नंबर पुढच्या महिन्यात सगळ्यांच्या आधी, हेही घातलं. या कामात उद्या तीन दिवस हूं की चूं न करता बसला, ही मोठीच नवलाई.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक जरा तिरसट होते. त्यांनी कागद उलटसुलट केले. "प्रोजेक्टचं नाव ‘बिनतक्रारीचा चार्ट’, आणि निकालात तीन तक्रारी?"

"आधी शून्य आल्या होत्या सर," काका म्हणाले. "त्या खोट्या होत्या. या तीन खऱ्या आहेत."

शून्य खोटं कसं निघालं, हे त्यांनी सगळं सांगितलं, बायकोचं नावही लपवलं नाही. परीक्षकांनी पुढे दोन-चार खोचक प्रश्न विचारले. एकाचं उत्तर काकांना येत नव्हतं, तर तेही त्यांनी सांगून टाकलं. पास झाले. फार वरच्या नंबराने नव्हे, पण झाले.

मेट्रनबाईंकडे चार्ट घेऊन जाणं मात्र परीक्षेपेक्षा जड होतं. त्या म्हणाल्याच, "तुम्ही तर एकही तक्रार नाही म्हणाला होतात."

"म्हणालो होतो. ते होत नाही. तिघींना हवं ते मिळालेलं नाही. त्यांची नावं खाली लिहिलीत, आणि मी तिघींशी आधी बोलून आलोय."

मेट्रनबाईंनी नावं वाचली. त्यात काकांची बायको नाही, हे त्यांच्या नजरेतून थोडंच सुटणार होतं? त्यांनी एकवार काकांकडे बघितलं आणि सही केली. बाहेर कुजबुज झालीच. ‘शेवटी बायकोचं भलं केलं’ असंही कोणी म्हणालं. काकांनी या वेळी ते जिव्हारी लावून घेतलं नाही.

नव्या चार्टच्या पहिल्याच दिवशी काका सहाच्या सुमाराला घरी आले. बायको सकाळची पाळी करून आलेली, खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. पुढे काय करावं ते कळत नसल्यासारखी थोडा वेळ नुसती बसून राहिली. मग तिने फोन उचलून मुलीला लावला. मुलगी आता नोकरीला लागली होती. तिने पहिल्याच घंटेला उचलला आणि तिचा घाबरा आवाज काकांना दारापर्यंत ऐकू आला. "आई? काय झालं? या वेळेला कसा फोन केलास?"

"काही झालं नाही गं," तिची आई म्हणाली. "आलीस का घरी, तेवढंच विचारायचं होतं."