गौरीच्या बोटातलं पोवळं

भूत-पिशाच्च, ग्रह-तारे… यातलं मी काही मानत नाही. पिंप्राळ्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. ठिणगी उडाली की मी शॉर्ट शोधतो, देव शोधत नाही. म्हणूनच हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय.

माझी मुलगी गौरी धुळ्याला चित्रकलेच्या कॉलेजात शिकते. वर्षअखेरच्या प्रदर्शनासाठी तिनं विषय घेतला – समुद्रातली मरत चाललेली पोवळी. मी चिडवलं, "आधी आपल्या गिरणा नदीत पाणी राहू दे, मग समुद्राचं बघ." तिनं लक्ष दिलं नाही. पहूरच्या मामांच्या शेतातून वाळलेली पऱ्हाटी आणली, चुन्यात बुडवली, आणि कपाशीच्या त्या काड्यांची पांढरीफटक पोवळी उभी केली. पाणी तापलं की पोवळ्याचा रंग जातो म्हणे, म्हणून रंग मुद्दामच नाही.

गंमत अशी की तिच्या स्वतःच्या बोटात लाल पोवळं होतं. तिला मंगळ आहे म्हणून माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, अमळनेरच्या देवळातल्या मंगळदेवाच्या पायाशी ठेवून घातलेलं. लग्नापर्यंत अंगठी बोटातच, ही अक्काची ताकीद होती, "लगीन होस तवलोंग काढू नको, माय."

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी गौरी म्हणाली, "पप्पा, हा खडा नाहीये. हे जिवंत जिवांचं घर होतं. हे बोटात घालून मी लोकांना काय सांगू?" पण धुळ्याचं एक स्थळ दुसऱ्या दिवशी प्रदर्शनातच तिला बघायला येणार होतं. एवढा एक दिवस राहू दे, म्हणालो. तिनं अंगठी तशीच ठेवली. मला वाईट वाटलं, पण अक्काला कोण तोंड देणार…

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रदर्शनात मुलाची आई घरच्यांना घेऊन आली. गौरीचा हात हातात घेऊन म्हणाली, "मंगळ आहे ना हिला? मग मोती का घातलाय?"

खडा पांढरा होता. चुना लागला असेल म्हणून मी रुमालानं पुसला, मग खिशातल्या टेस्टरनं खरवडला. आतूनही पांढराच! सकाळी प्रदर्शनाचे लाईट लावून देताना मी स्वतः तो लाल पाहिला होता. ती मंडळी चहा न घेता गेली, पुन्हा फोन नाही.

ती मंडळी बाहेर पडतात तोच कुणीतरी विचारलं, ही एकच काडी का रंगवली? पऱ्हाटीची मधली एक काडी लाल झाली होती. शेंडा मोडून पाहिला – गाभ्यापर्यंत लाल. गौरीनं प्रदर्शनात रंगाची डबीच आणली नव्हती. तिनं अंगठी काढून त्या काडीजवळ ठेवली. मी अडवलं नाही.

नंतर अंगठी सराफाला दाखवली. तो म्हणाला, घामानं, अत्तरानं वरचा रंग उतरतो कधीकधी. आतला? त्यानं खांदे उडवले. काडीचं तर मी त्याला विचारलंच नाही. काय विचारणार?

ती काडी आता माझ्या दुकानात, मीटरच्या वर आहे. अक्काचा फोन येतो. "गौरीनं पोवळं लाल शे ना, भाऊ?"

मी वर बघतो. "लाल आहे, अक्का," म्हणतो. खोटं बोलतोय असं वाटत नाही… आणि खरं बोलतोय असंही नाही.